खरकटं ताट

बायजाबाईच्या घरात खरकटं ताट कधी पडून राहिलं नाही. दिशा आणि नितेश लहान होते तेव्हा जेवणं उरकून ताटं तिथेच टाकून अंगणात पळाले, की मागून आवाज यायचा, "खरकटं ताट म्हणजे अवदसेला आवतण!" आणि पाठोपाठ पाठीत धपाटा. तो धपाटा दिशाच्या अंगात इतका मुरला, की लग्न होऊन रोह्याला गेली तरी शेवटचा घास तोंडात असतानाच ती ताट उचलायची. तिच्या सासूने एकदा विचारलंसुद्धा, "अगो, जेवतेस का गाडी पकडतेस?"

म्हणून संक्रांतीच्या आधीच्या रविवारी गडबला माहेरी आली, तेव्हा दिशाला आधी दिसलं ते ताट, आणि मग आई. आई ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. पुढ्यात सुकलेली भाताची शितं, काठाला वाळलेलं वालाचं बिरडं आणि त्यावर माशा. दुपारचे चार वाजून गेले होते.

"प्रणिता!" दिशाने अंगणातूनच हाक मारली. "हे ताट कधीचं पडलंय?"

भावजय आतून आली. हाताला मीठ-ओवा लागलेला, केस विस्कटलेले. ताटाकडे तिने पाहिलं, पण उचललं नाही. "राहू दे ताई," ती म्हणाली. "त्यांनाच लागतं ते."

लागतं म्हणजे? दिशा विचारणार होती, पण मागच्या दारी कुणीतरी प्रणिताला हाक मारली आणि ती गेली. दिशाने ताट उचललं, घासलं, आणि घासता घासता मनात जे काय भरायचं ते भरून घेतलं. तशी आधीपासून थोडी तयारी होतीच. दिवाळीत प्रणिताने फोनवर सांगितलं होतं, "आई जेवून विसरतात हो ताई." त्यावर दिशा म्हणाली होती, "ती विसरते की तू वाढायला विसरतेस?" मग प्रणिताने तो विषय पुन्हा काढला नाही. दिशा तोंडाची फटकळ. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. मन वाईट नव्हतं, पण मन कुणाला दिसतं? ऐकू येते ती जीभच.

त्या दिवशी पोपटी होती. वालाच्या शेंगा भरायला लागल्या की या भागातली माणसं घरात बसत नाहीत. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मीठ-ओवा चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मग मडकं पालथं घालून भोवती पेंढा पेटवायचा. नितेशच्या घरामागच्या शेतात आळीतली पंचवीसतीस माणसं जमली होती. ऊन उतरलं होतं. नितेश काठीने जाळ सारखा करत होता. हायवेवर त्याचं पंक्चरचं दुकान. माणूस कष्टाळू, पण बायको आणि बहीण समोरासमोर आल्या की याला हटकून काहीतरी काम आठवायचं.

बायजाबाईला खुर्ची आणून बसवलं. मडकं उघडलं, वाफ निघाली, आणि पहिल्या शेंगा प्रणिताने सासूच्या ओंजळीत घातल्या. बायजाबाईने त्या नातवंडाला निरखावं तशा निरखल्या. मग शेजारी बसलेल्या आळीतल्या काळुरामच्या आईचा हात धरला.

"मला सकाळधरनं कुणी घास नाय दिला गो," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं. खोटं बोलणाऱ्या माणसाचे डोळे तसे नसतात, हे तिथल्या प्रत्येकाने पाहिलं.

"आई, दोन वेळा जेवलात," प्रणिता हळूच म्हणाली. "बाराला जेवलात, मग दोनला."

"नाय गो. देवाशप्पथ नाय."

दिशा आईपाशी जाऊन बसली. तिचं तोंड पुसायला म्हणून पदर हातात घेतला, तर पदराला गाठ. गाठीत काय, तर मूठभर सुके कडवे वाल. दातांनी फुटायचे नाहीत असे. दिशाच्या डोक्यात जाळ झाला.

"हे बघा!" ती उभी राहिली. मूठ सगळ्यांपुढे धरली. "माझी आय सुके वाल चघळून दिवस काढतेय. पुढ्यात खरकटं ताट, माशा घोंगावतायत, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. आणि ही सांगते दोन वेळा जेवली. अगो, कुत्र्याला तरी शिळी भाकरी टाकतात!"

प्रणिताच्या हातातली शेंग हातातच राहिली. नितेश म्हणाला, "ताई, तसं नाय ते," आणि पुढे काय तसं नाय ते त्याला सांगता येईना, तेव्हा पुन्हा जाळाकडे वळला. माणसांनी अंडी सोलली, शेंगा खाल्ल्या, पण गप्पा काही झाल्या नाहीत. अशी मुकी पोपटी त्या शेताने पाहिली नव्हती.

दिशाने त्याच संध्याकाळी शेजाऱ्यांची इको गाडी ठरवली आणि आईला रोह्याला न्यायला निघाली. गाडी सुरू होताना प्रणिता धावत आली. हातात कपड्यांची पिशवी आणि एक लहान प्लास्टिकची पिशवी. "ताई, ही लहान पिशवी उघडून वाचा. त्यांचं सगळं आहे त्यात."

"माझ्या आयेला सांभाळायला मला वाचावं नाय लागत," दिशा म्हणाली. पिशवी तिने घेतली खरी, पण घरी गेल्यावर माळ्यावर भिरकावली.

पहिले चार दिवस सुखाचे गेले. दिशाने आईला न्हाऊ घातलं, वेणी घातली, बिरडं केलं, सुरमई आणली. आई हसायची, दोन घास जास्त खायची. दिशाचा नवरा सुजय धाटावच्या कंपनीत शिफ्टला. तो घरी आला की दिशा त्याला भावजयीचे गुण ऐकवायची. "बघा, इथे खातेय की नाय? म्हणजे भूक होती ना पोटात!" सुजय थकलेला असायचा. तो मान हलवायचा, आणि नवऱ्याने मान हलवली म्हणजे पटलं, असं दिशाने लग्नानंतर लवकरच ठरवून टाकलं होतं.

पाचव्या दिवशी शेजारची मनाली झाकलेली वाटी घेऊन दारात उभी राहिली. गेल्या वर्षी लग्न होऊन आलेली मुलगी. संकोचलेली होती.

"काकी, रागावू नका. आजी मघापासून खिडकीतून हाक मारतायत. म्हणतात, इथली बाई जेवायला देत नाही. थोडा वरणभात आणलाय."

दिशाचं तोंड उतरलं. अर्ध्या तासापूर्वी आईने दोन भाकऱ्या खाल्ल्या होत्या. ते मनालीला सांगताना स्वतःचाच आवाज तिला कसासाच लागला. दोन वेळा जेवली गो, देवाशप्पथ. मनाली "हो हो" म्हणाली. चेहऱ्यावर मात्र ते "हो" नव्हतं.

त्यानंतर रोजच. ताट उचललं, घासलं, पालथं घातलं, की आई विचारायची, "मला कधी वाढतेस गो?" दिशा आधी हसली, मग समजावलं, मग ओरडली. ओरडली की आई रडायची, आणि आई रडली की दिशा मोरीत जाऊन नळ सोडून रडायची. संध्याकाळ झाली की आई पिशवीत कपडे भरायची. घरी जायचं. "आये, हे घरच आहे." "हे नाय. माझं घर." "तू गडबला जाशील?" "गडबला नाय गो. घरी." गडबच्याही पलीकडचं कुठलं घर, ते दिशाला समजेना. एकदा दार उघडं राहिलं आणि आई स्टँडपर्यंत पोचली. एका कंडक्टरने ओळखून आणून सोडलं नसतं तर काय झालं असतं, या विचाराने दिशाला दोन दिवस अन्न गेलं नाही. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. दिशाचं आता जळायला लागलं होतं.

एका सकाळी ती तुळशीला पाणी घालायला गेली, तर कुंडीत वालाचे कोंब. एक नाही, दोन नाही, ओळीने सात. दोन बोटांच्या अंतराने, नीट टोचलेले. शेजारच्या गुलाबाच्या कुंडीत आणखी पाच. वाल स्वयंपाकघरातल्या डब्यातलेच असणार.

"आये, हे तू लावलंस?"

"मग कोण लावणार?" आई म्हणाली. त्या दिवशी तिचा आवाज अगदी पूर्वीसारखा खणखणीत होता. "भात कापून झाला. जमिनीत ओल हाय तवर वाल टाकायला नको? तुझा बाप बसलाय तंबाखू मळत."

दिशा तिथेच कट्ट्यावर बसली. आई नांगरामागून चालत पदरातले वाल सऱ्यांत सोडायची, ते तिने लहानपणी शंभरदा पाहिलं होतं. पदराच्या गाठीतले वाल खाण्यासाठी नव्हतेच. बियाण्याचे होते. ते तिने चारचौघांसमोर मुठीत धरून नाचवले होते. दिशाला कससंच झालं, पण तेव्हाही तिने स्वतःला समजावलं. वालाचं आपलं चुकलं असेल. ताटाचं तरी खरं ना? ताट तर डोळ्यांनी पाहिलं.

मग एका दुपारी आई जेवता जेवता थांबली आणि तिच्याकडे पाहून गोड हसली. अनोळखी माणसाशी हसतात तसं.

"बाय, तू चांगली हायस," ती म्हणाली. "माझं एक काम करशील? माझी दिशा रोह्याला असते. तिला तेवढा निरोप दे. म्हणावं, आयेला इथं कोंडून ठेवलंय, जेवायला देत नाय. ती येल. लय तापट हाय पोर, पण येल."

दिशाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. जिची वाट बघतेय ती समोर बसलीय आणि तरी वाट बघतेय, याला काय म्हणावं? ती रडली नाही. रडली असती तर आई घाबरली असती.

"देते निरोप," ती म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. सुजयचा होता. दुसरी शिफ्टही करावी लागेल, सांगत होता. दिशा बोलत बोलत बाहेर गेली आणि ताट तसंच राहिलं. आत आली, तर आई ताटाकडे बघत बसली होती. एक शीत तिने बोटाने ढकललं. मग हळदीने पिवळी झालेली स्वतःची बोटं बघितली. पुन्हा ताट, पुन्हा बोटं. अर्धा तास तिने जेवण मागितलं नाही. चेहरा शांत. मग सवयीने दिशाने ताट उचललं, घासलं, पालथं घातलं, आणि पदराला हात पुसते न पुसते तोच मागून आवाज आला, "मला कधी वाढतेस गो?"

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर दिशाने ताट मुद्दाम राहू दिलं. हात शिवशिवत होते, आईचा धपाटा आठवत होता. तरी उचललं नाही. आईने विचारलंच. तेव्हा दिशा म्हणाली, "आये, जेवलीस ना. हे बघ तुझं ताट. आणि ही बघ तुझी बोटं." आईने बघितलं. "व्हय की," ती म्हणाली आणि गप्प झाली. वीस मिनिटांनी पुन्हा विचारलं, पुन्हा ताट दाखवलं, पुन्हा "व्हय की." माशा आल्या. दिशाने हाताने हाकलल्या आणि पुन्हा ताटापाशी बसली.

आणि माशी हाकलता हाकलता तिला भावजय आठवली. विस्कटलेले केस, मिठाचे हात. राहू दे ताई. त्यांनाच लागतं ते.

ती उठली. मग स्टूल घेऊन माळ्यावरची पिशवी काढली.

आत पेणच्या एका डॉक्टरबाईंचे कागद होते, गेल्या जूनपासूनचे. गोळ्यांची पाकिटं होती, तीन आठवडे न उघडलेली. आणि वहीचं एक पान, प्रणिताच्या गोल अक्षरात. आंघोळीचं पाणी आधी पायावर घाला, डोक्यावर एकदम घेतलं तर घाबरतात. संध्याकाळी घरी जायचं म्हणतात तेव्हा नाही म्हणू नका, चपला घालून बाहेर दोन फेऱ्या मारा, दमतात आणि विसरतात. जेवण झाल्यावर ताट लगेच उचलू नका. लोक नावं ठेवतात, पण त्यांना बरं वाटतं. आणि शेवटी, शाई बदलून लिहिलेलं, घाईघाईत असेल: तुमची आठवण काढून रडतात, तेव्हा ताई उद्या येणार आहेत असं सांगते. माफ करा.

दिशाने ते पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन तिने सकाळची गाडी पकडली आणि आधी पेण गाठलं. दवाखान्यात डॉक्टरबाईंनी आईला नाव विचारलं, वार विचारला, तीन वस्तूंची नावं सांगून थोड्या वेळाने पुन्हा विचारली. आईला नाव सांगता आलं. बाकी काही नाही.

"खोटं नाही बोलत त्या," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हा मेंदूचा आजार आहे. जेवल्याची आठवण राहत नाही, म्हणजे त्यांच्या लेखी त्या जेवलेल्याच नसतात. कुणी समोर नाही म्हटलं की त्यांना फसवल्यासारखं वाटतं."

"बऱ्या होतील?"

"नाही." त्यांनी ते आडवळण न घेता सांगितलं. "गोळ्यांनी आहे ते थोडे दिवस टिकतं. गेलेलं येत नाही. तुमच्या भावजय फार नीट सांभाळतायत. ताटाची युक्ती त्यांचीच. मी आता दुसऱ्यांनाही सांगते."

दिशाने मान खाली घातली. तीन आठवड्यांच्या गोळ्या बुडाल्याचं तिने सांगितलं. डॉक्टरबाई रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या रागावल्या नाहीत.

गडबला पोचल्या तेव्हा दुपार कलली होती. रथसप्तमी होती, हळदीकुंकवाचा शेवटचा दिवस. प्रणिता ओटी सारवून रांगोळी काढत होती. नवी साडी नेसली होती, आणि त्या साडीत ती जास्तच एकटी दिसत होती. कोपऱ्यात वाणाच्या स्टीलच्या वाट्यांची चळत, अजून कागदात गुंडाळलेली.

"एवढ्या उरल्या?" दिशाच्या तोंडून गेलं.

"चाळीस आणल्या होत्या," प्रणिता म्हणाली. "शुक्रवारी बोलावलं होतं. तिघी आल्या. म्हटलं, आज पुन्हा मांडून बघू." तिने रांगोळीचा ठिपका दिला. "जिच्या घरी म्हातारी उपाशी, तिच्या हातचं कुंकू कोण लावून घेईल?"

बायजाबाई जाऊन आपल्या जागेवर, भिंतीला टेकून बसली. जणू कुठे गेलीच नव्हती. दिशा भावजयीपुढे उकिडवी बसली. शब्द जुळवून आणले होते, ते बाजूलाच राहिले.

"चुकले गो मी. पिशवी उघडली नाय. ताटाचं मला आता…"

"मला नका सांगू ताई." प्रणिताने वर पाहिलं नाही. आवाज शांत होता, म्हणून जास्त लागला. "मला एकटीला सांगून काय होणार? बोललात ते चारचौघांत. हे म्हणायचे, आजाराचं ताईला सांगू नको, गावात कळलं तर लोक आयेला वेडी म्हणतील. मी गप्प बसले. मग लोक मला जे म्हणायचं ते म्हणाले."

दिशा उठली. पितळेचा कुंकवाचा करंडा घेतला, आईला चपला घातल्या, तिचा हात धरला आणि आळीत निघाली. ती तापट होती हे खरं, पण एकदा ठरवलं की पाय मागे घेणारी नव्हती. एवढं मात्र आईने तिला बरोबर ओळखलं होतं.

काळुरामच्या आईच्या अंगणात सातआठ बाया वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. म्हणजे आळीचं वर्तमानपत्र तिथेच छापलं जात होतं म्हणा ना.

"काकी," दिशा म्हणाली, "माझ्या भावजयीकडे हळदीकुंकू हाय. सगळ्यांनी या. आणि पोपटीच्या दिवशी मी जे बोलले ते खोटं होतं. आयेला आजार हाय. ती जेवते आणि विसरते. ताट पुढ्यात ठेवायचं ते तिला जेवल्याचं दिसावं म्हणून. प्रणिताने तिला एक दिवस उपाशी ठेवलेलं नाय."

हात थांबले. काळुरामच्या आईने शेंग सोलली, दाणे परडीत टाकले, मग म्हणाली, "आता तुमचं भावंडांचं जमलं वाटतं. घरोघरी मातीच्या चुली, आम्ही काय बोलणार? पण बायजाबायने माझा हात धरून सांगितलंय. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. एवढं म्हातारं माणूस खोटं कशाला बोलेल?"

डॉक्टरबाईंचं बोलणं तिला आठवत होतं, पण ते त्या अंगणात कसं मांडायचं ते सुचेना. तिचा हात सोडून बायजाबाई पुढे झाली आणि काळुरामच्या आईपाशी बसली. तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"बरी भेटलीस गो," ती म्हणाली. डोळे भरून आले होते, त्या दिवशीसारखेच. मग दिशाकडे बोट केलं. "ही बाय कोण ती मला म्हायती नाय. मला कोंडून ठेवते. जेवायला देत नाय. माझी दिशा आली की सांगशील ना तिला?"

शेंगा सोलणाऱ्या बायांतल्या निम्म्यांनी दिशाला कडेवर खेळवलं होतं. त्या एकदा तिच्याकडे बघत होत्या, एकदा तिच्या आईकडे.

"अगो बायजाबाय," काळुरामच्या आईचा आवाज एकदम बसला, "हीच की दिशा."

बायजाबाईने दिशाला वरून खालपर्यंत पाहिलं. नीट, मन लावून पाहिलं. दिशाने चेहरा जरा पुढे केला. कोण जाणे, तिला वाटलं, आता. आता ओळखेल.

"ही?" आई म्हणाली. "नाय गो. माझी दिशा एवढी थोराड नाय. ती येल."

"येल हां," दिशा म्हणाली. "मी निरोप धाडलाय."

काळुरामच्या आईने मांडीवरची सालं झटकली आणि पदराने डोळे पुसले. "ऊठ गो," ती सुनेला म्हणाली. "लुगडं बदल. प्रणिताकडे जायचंय."

दिवेलागणीपर्यंत ओटी भरली. प्रणिता एकेकीला हळद लावत होती, कुंकू लावत होती, तिळगूळ आणि वाटी देत होती. बायका तिच्या हाताला धरून काहीबाही बोलत होत्या. कुणी माफी मागितली असं नाही. गावात माफी मागत नाहीत. येतात, एवढंच. सगळ्यात शेवटी प्रणिताने दिशाच्या कपाळाला बोट लावलं. बोट जरा दाबूनच लावलं, आणि क्षणभर तिथेच राहू दिलं. नितेश अंगणात उगाच सायकलीचं चाक फिरवत उभा होता.

आईचं जेवण दिशाने स्वतः वाढलं. आई नीट जेवली. जेवल्यावर काळुरामची बायको वाट्या आवरता आवरता ताट उचलायला वाकली.

"राहू दे," दिशा म्हणाली. "तिलाच लागतं ते."

प्रणिताने ऐकलं. हातातली समई तिने आईच्या जवळ सरकवून ठेवली, ताट दिसावं म्हणून.

बायका पांगल्या. ओटीवर मायलेकी दोघीच उरल्या. आई बराच वेळ दिशाकडे बघत होती.

"तू कुणाची गो?"

"बायजाची."

"बायजाची?" आईला ते नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. ओळखीच्या घरची चौकशी करावी तसं तिने विचारलं, "ती जेवली का?"

"जेवली. हे बघ ताट."

आईने शितावर बोट टेकवलं. स्वतःची बोटं पाहिली. "मग बरं," ती म्हणाली. मग रस्त्याकडे नजर लावून, "आता माझी पोर येल. लांबनं येते. उपाशी असेल. तिला वाढशील ना?"

"वाढते."

दिशा आत गेली, भात आणि बिरडं वाढून घेऊन आली, आणि आईच्या शेजारी बसून जेवली. आई तिच्या एकेका घासाकडे लक्ष देऊन बघत होती. जेवण झालं, तरी दिशाने आपलं ताट उचललं नाही. आईच्या ताटाशेजारी तसंच राहू दिलं.